एकसष्ट जणांत पहिली

लोर्ना शिमान्स्कीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी आई विसरलेली किल्ली द्यायला आली आहे. सत्तेचाळीस वर्षांची भक्कम बांध्याची बाई, पायात जाड तळव्यांचे बूट, केस मागे घट्ट बांधलेले. माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “तू बेव्ह ना? मला रेझ्युमे करायचाय. वकिलाच्या नोकरीसाठी. माझ्याकडे आहे तो सगळा जेलचा आहे.”

“जेलमध्ये होतीस?” मी आवाज खाली आणून विचारलं.

“होते ना. एकोणीस वर्षं.”

माझा चेहरा कसा झाला कोण जाणे, पण ती टेबल धरून हसत सुटली. “अगं, नोकरीला होते! काउंटरवर!”

मी बेव्हर्ली ऑर्ट. अमेरिकेत, टोलेडो शहरातल्या एका लॉ कॉलेजच्या नोकरी-मार्गदर्शन ऑफिसात बावीस वर्षं बसतेय. पोरांचे रेझ्युमे तपासायचे, त्यांची चिरफाड करायची, मुलाखती लावून द्यायच्या आणि कुणाचं नाही जमलं की रुमाल पुढे करायचा, हे माझं काम. बावीस वर्षांत माणूस स्वतःला फार शहाणा समजायला लागतो. मीही समजत होते. त्या शहाणपणाची कशी जिरली तेही सांगणार आहे, पण आधी लोर्ना.

जेलमध्ये ती बुकिंग कारकून होती. पोलीस ज्याला पकडून आणतील त्याचं नाव-गाव लिहून घ्यायचं, खिशातल्या सामानाची यादी करायची, बोटांचे ठसे, फोटो झाले की पुढे पाठवायचं. याला तिथे ‘बुक करणं’ म्हणतात. एकोणीस वर्षांत किती माणसं बुक केली ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. पण एक गोष्ट तिला रोज टोचायची. काउंटरपलीकडचा माणूस, रागाने लाल झालेला असो की भीतीने पांढरा पडलेला, हमखास विचारायचा, “बाई, मी आता काय करू? बोलू की गप्प राहू?” आणि नियमाप्रमाणे तिला एकच उत्तर द्यायची मुभा होती: “मला सांगता येत नाही.”

“मला सांगता यायचं गं,” लोर्ना म्हणाली. “काय सांगायला पाहिजे ते मला पक्कं माहीत असायचं. जीभ चावून बसायचे. एक दिवस म्हटलं, जीभ चावत म्हातारी होण्यापेक्षा सरळ वकील होते.”

आणि खरंच झाली की निम्मी! तीन वर्षं दिवसा जेल आणि संध्याकाळी आमचे वर्ग. चौथ्या, शेवटच्या वर्षी तिने बिनपगारी रजा टाकली. जेलच्या साहेबांनी बजावलं, “एक जुलैपर्यंत परत आलीस तर खुर्ची तुझी. नाहीतर दुसरं कुणी बसेल.” लोर्नाला त्या खुर्चीवर परत बसायचं नव्हतं. तिला सरकारी बचाव वकील व्हायचं होतं, म्हणजे ज्याला वकील परवडत नाही त्याच्या बाजूने उभं राहायचं. त्या वर्षी आमच्या आसपास अशी एकच जागा निघाली होती, शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. तिथल्या प्रमुख ऑगस्टा प्रुइट फेब्रुवारीत आमच्याच कॉलेजात मुलाखती घ्यायला येणार होत्या. लोर्नाला दुसरीकडे कुठे अर्ज करायचाच नव्हता. ही जागा, नाहीतर जेलचा काउंटर.

मी तिची गुणपत्रिका उघडली. कॉन्ट्रॅक्ट सी-प्लस. मालमत्ता सी. नुकसानभरपाईचा कायदा, तोही सी. आमच्याकडे ग्रेड तराजूत तोलल्यासारख्या देतात, सगळ्यांना चांगल्या मिळतच नाहीत, त्यामुळे कुणीतरी खाली राहणारच. पण ही बाई वर्षातल्या एकशे बारा जणांत अठ्ठ्याऐंशीवी होती. आठ तास काउंटरवर उभं राहून आल्यावर वर्गात डुलक्या येणार नाहीत तर काय होईल?

आणि मग खालून तिसरी ओळ. एव्हिडन्स, म्हणजे पुराव्याचा कायदा. ए-प्लस, आणि त्यापुढे छोटी चांदणी. चांदणीचा अर्थ, त्या वर्गात पहिली. एकसष्ट जणांत.

एव्हिडन्स हा आमच्याकडे भल्याभल्यांना घाम फोडणारा पेपर. कुणी काय म्हणालं ते कोर्टात चालतं, कुणी कुणाकडून ऐकलेलं चालत नाही, आणि न चालणाऱ्यातलंही कधी कधी चालतं. पेपरावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. प्राध्यापकांनी निकाल लावून नंबर उघडले तेव्हा ‘शिमान्स्की’ हे नाव बघून त्यांनी म्हणे यादी परत आणायला लावली. मागच्या बाकावर बसून सँडविच खाणारी ती जेलवाली बाई? तीच ती.

आता आमच्या कॉलेजातला एक शब्द सांगायला हवा. कुणी एखाद्या विषयात वर्गात पहिलं आलं की आम्ही म्हणतो, त्याने तो विषय ‘बुक केला’. पूर्वी म्हणे पहिला येणाऱ्याला कायद्याचं जाडजूड पुस्तक बक्षीस द्यायचे. पुस्तक कधीच बंद झालं, शब्द राहिला. पोरं रोज तोंडात घोळवतात: “यार, तिने टॅक्स बुक केला!” आणि दरवर्षी तीच पोरं माझ्यासमोर बसून विचारतात, “बेव्ह, हे रेझ्युमेवर लिहू का?”

माझा नियम ठरलेला होता. सगळ्याच ग्रेड चांगल्या असतील तर लिही, म्हणजे ती माळेतली एक होते. एकच चांगली असेल तर गप्प बस. याला कारण होता ब्रेंट नावाचा एक पोरगा. त्याने ‘वाइन आणि कायदा’ नावाच्या वर्गात पहिला आलो म्हणून ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, किती जणांत? ब्रेंट म्हणाला, आठ. साहेब म्हणाले, “आणि बाकीचे सात प्यायलेले होते का?” ती मुलाखत तिथेच संपली. तेव्हापासून मी कानाला खडा लावला होता.

म्हणून लोर्नाने पहिला खर्डा आणला आणि त्यात शिक्षणाखाली लिहिलं होतं, ‘एव्हिडन्स: एकसष्ट विद्यार्थ्यांत सर्वोच्च ग्रेड’, तेव्हा मी त्यावर सरळ काट मारली.

“का?” लोर्ना म्हणाली.

“कारण एक ए दाखवलास की समोरचा विचारणार, बाकीच्या कुठायत?”

“मग सांगेन.”

“काय सांगशील? वर्षात अठ्ठ्याऐंशीवी?”

“आहे तर आहे. अठ्ठ्याऐंशीवी सांगेन. चोरी केलीय का मी?”

“लोर्ना, रेझ्युमे म्हणजे कबुलीजबाब नव्हे.”

“कबुलीजबाब कशाला म्हणतात ते मला नको शिकवूस,” ती म्हणाली. “त्याच विषयात पहिली आलेय मी.”

मी हसले, पण ओळ ठेवली नाही. दोन आठवडे आमची हीच हुज्जत. ती यायची, ओळ परत घातलेली असायची, मी काढायचे. एकदा तर म्हणाली, “बेव्ह, एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे कागद भरले. माझ्या स्वतःच्या कागदावर सांगण्यासारखी ही एकच गोष्ट आहे, आणि तीसुद्धा तुला खुपते?” ते मला लागलं. तरी मी तिला झापलं, “मला खुपत नाही, मला तुझी काळजी वाटते! ती जागा एक आहे, आणि त्या जागेवर सहा-सहा विषयांत पहिली आलेली पोरं डोळा ठेवून आहेत.” खोटं नव्हतं ते. प्रेस्कॉट गॅलोवे नावाचा एक मुलगा त्याच मुलाखतीला बसणार होता आणि त्याच्या रेझ्युमेवर अशा सहा ओळी होत्या.

शेवटी मी हात टेकले. पण टेकतानासुद्धा डाव खेळले. रेझ्युमे एकाच पानात बसला पाहिजे हा आमच्याकडचा धर्म, आणि लोर्नाचं पान दोन ओळींनी वाहत होतं. मी म्हटलं, “राहू दे तुझी ओळ. पण छोटी करू.” आणि तिची लांब ओळ खोडून मी तिथे दोन शब्द टाकले: ‘बुक्ड एव्हिडन्स’.

“एवढंच?” लोर्ना म्हणाली.

“कळणाऱ्याला कळतं. वकिलांनाच तर वाचायचंय.”

खरं सांगते, माझ्या मनात होतं की ते कुणाच्या लक्षातच येऊ नये. ओळही राहिली आणि दिसलीही नाही. माझ्या हुशारीवर मी मनातल्या मनात खूश होते.

मुलाखतीचा दिवस मंगळवार होता, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आदल्या दिवसाचा. त्यामुळे ऑफिसात पुंच्कीची, म्हणजे त्या दिवशी खायच्या पोलिश डोनटांची, खोकी उघडी पडली होती आणि प्रत्येकाच्या कोटावर पिठीसाखर होती. ऑगस्टा प्रुइटही त्यातून सुटल्या नाहीत. साठीची उंच, काळी बाई, आवाज असा की बंद दारातून ऐकू यावा. त्यांनी दोन पुंच्की उभ्याउभ्याच खाल्ल्या, बोटं पुसली आणि म्हणाल्या, “चला, आणा एकेकाला.”

मुलाखतीची खोली माझ्या टेबलाला लागून आहे आणि मधलं पार्टिशन पातळ आहे. मी कान लावून ऐकते असं कुणी म्हणू नये. न ऐकायचं म्हटलं तर मला पार्किंगमध्ये जाऊन बसावं लागेल.

लोर्ना आत गेली. बाहेरच्या खुर्चीवर पुढचा नंबर प्रेस्कॉटचा होता. तो बुटाकडे बघत बसला होता.

सुरुवातीलाच प्रुइटबाईंनी घाव घातला. “शिमान्स्की. एकोणीस वर्षं तुम्ही माझ्या अशिलांसारख्यांना आत घातलंत. आणि आता बाहेर काढणार म्हणता?”

“मी घातलं नाही, बाई,” लोर्ना म्हणाली. “मी लिहिलं.”

“हं.” कागद सरकल्याचा आवाज. “लिहिलं तर खरंच. मला एक सांगा, जेलचं काम नोकरीच्या रकान्यात आहे ते ठीक आहे. पण शिक्षणाच्या खालीसुद्धा तुम्ही तेच घुसडलंय. ‘बुक्ड एव्हिडन्स’. मुद्देमाल जमा करून शिक्का मारायचात, हे तुम्हाला शिक्षण वाटतं? एवढा अभिमान आहे त्याचा?”

माझ्या हातातला पेन गळून पडला. देवा रे! पोलिसांत ‘पुरावा बुक केला’ म्हणजे जप्त केलेला माल पिशवीत घालून, चिठ्ठी लावून कोठारात टाकला. जेलमध्ये एकोणीस वर्षं काढलेल्या बाईच्या कागदावर ते दोन शब्द वाचून कुणालाही दुसरं काय वाटणार? प्रुइटबाई दुसऱ्या राज्यात शिकलेल्या, त्यांच्या कॉलेजात हा शब्द नव्हताच. कळणाऱ्याला कळतं म्हणे! मी त्या बाईचा एकुलता एक दागिना उचलून तिच्याच गळ्यात फास म्हणून अडकवला होता.

“एक गोष्ट स्पष्ट बोलते,” प्रुइटबाई पुढे म्हणाल्या. “मला पोलिसाच्या मनाचा माणूस नको. माझ्या अशिलाला तो लगेच ओळखू येतो.”

 मी उठले, परत बसले. आत घुसून सांगू का? पण मुलाखतीत शिरणारी मी कोण?

आणि मग लोर्ना हसली. तेच टेबल धरून हसणं. “बाई, ते जेलचं नाही हो! इथली पोरं वर्गात पहिलं आल्याला ‘बुक केलं’ म्हणतात. मी एव्हिडन्सच्या पेपरात पहिली आले. एकसष्ट जणांत.”

“पहिली?”

“पहिली.”

“मग तसं लिहायचं ना! ही कुठली भाषा?” आणि लगेच पुढचा प्रश्न आला, ज्याला मी दोन आठवडे घाबरत होते. “बाकीच्या विषयांचं काय?”

“वाईट आहेत,” लोर्ना म्हणाली. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. “ही घ्या गुणपत्रिका. मीच वाचून दाखवते. कॉन्ट्रॅक्ट सी-प्लस, मालमत्ता सी, नुकसानभरपाई सी. एकशे बारांत अठ्ठ्याऐंशीवी.”

मी डोळे मिटले. बाहेर प्रेस्कॉटनेही मान वर केली, त्यालाही ऐकू गेलं होतं.

“मग या एकाच विषयात काय झालं? पेपर सोपा होता?”

“छे! पोरं रडत बाहेर पडली. काय आहे बाई, बाकीचे विषय मी पुस्तकातून शिकले, तेही पेंगत पेंगत. हा मात्र मी कानांनी शिकले. काउंटरवर दिवसभर हेच चालायचं. हा म्हणतो तो म्हणाला, तो म्हणतो मी म्हणालोच नाही. कोण घाबरून बोललं, कोणाकडून वदवून घेतलं, कोण ऐकीव सांगतंय, हे मी रोज बघत होते. त्याला कायद्यात काय म्हणतात तेवढंच शिकायचं राहिलं होतं.”

गुणपत्रिका बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग खुर्ची करकरली. “ठीक आहे. पहिली आलीस ना? मग सांग.” त्या एकेरीवर कधी आल्या ते त्यांनाही कळलं नसावं. “सोमवारी माझी एक केस आहे. माणसाला भांडणावरून पकडलं. काउंटरवर त्याचं जॅकेट काढून घेतलं. कारकुनाने विचारलं, हे जॅकेट तुझंच ना? तो हो म्हणाला. नंतर त्याच्या अस्तरात गोळ्या सापडल्या, नशेच्या. आता सरकारी वकील म्हणतो, त्याने स्वतः हो म्हटलंय. माझा माणूस म्हणतो, थंडी होती म्हणून भावाचं घातलं होतं, आणि काउंटरवर कुणाशी वाद घालायचा? तो ‘हो’ पुरावा म्हणून कोर्टात आत येतो की बाहेर राहतो?”

मला वाटलं, ही आता पाठ केलेलं काहीतरी म्हणून दाखवेल. पण लोर्नाने उलटच विचारलं, “गप्प राहायचा हक्क आहे हे त्याला तोवर सांगितलं होतं?”

“नाही.”

“आणि पोलीस कुठे उभा होता?”

“कुठला पोलीस?”

“पकडून आणणारा. गेला होता की कारकुनाच्या शेजारी होता?”

पानं उलटल्याचा आवाज. “शेजारी. त्याच्याच जबाबात आहे.”

“वाटलंच मला!” लोर्नाचा आवाज चढला. “बाई, एकोणीस वर्षं ते माझ्या कोपराशी उभे राहून कुजबुजायचे. याला विचार ना हे कुणाचं, याला विचार ना काल कुठे होता. मी एकदासुद्धा विचारलं नाही. का, तर तो रकाना माझ्या फॉर्मवर नाही! नाव, पत्ता, जन्मतारीख, उंची, औषधं चालू आहेत का, कुणाला कळवायचं, हे विचारायला आधी हक्क सांगावे लागत नाहीत, ते नोंदीपुरतं असतं. सामानाच्या रकान्यात आम्ही लिहितो, अंगावर काय होतं. कुणाचं होतं, हे नोंदीला नको असतं, ते पोलिसाला हवं असतं. तो प्रश्न कारकुनाच्या तोंडून आला तरी पोलिसाचाच. आणि पोलिसाचा प्रश्न असेल तर आधी हक्क सांगितले पाहिजेत. नाही सांगितले, तर तो ‘हो’ बाहेर!”

 तेवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं. वीस मिनिटं संपत आली होती आणि वेळेची आठवण करून देणं हे माझंच काम. मी दारावर टकटक केली. “दोन मिनिटं राहिली.”

“निघा तिकडे!” प्रुइटबाई गरजल्या. मी निघाले.

आतून लोर्ना सांगत होती, “त्या जेलचा कोरा फॉर्म मागवा. न्यायाधीशांसमोर ठेवा आणि म्हणा, दाखवा रकाना. तुमच्याकडचा फॉर्म वेगळा असेल तर मी चुकले. पण बघा तर खरं.”

प्रुइटबाईंनी आपल्या ऑफिसात फोन लावला, तिथल्या तिथे. “हॅरियट, जेलचा बुकिंगचा कोरा फॉर्म आपल्याकडे असेल कुठेतरी. काढ. हो, आत्ता. सामानाच्या रकान्यात काय काय आहे ते वाच.” फोनचा आवाज मोठा केला असणार, कारण मला हॅरियट शब्दनशब्द ऐकू येत होती. “वस्तू... संख्या... रंग... स्थिती... कैद्याची सही.” मग थांबली. “बस्स. एवढंच आहे.”

“‘कुणाचं’ असा रकाना?”

“नाही हो.”

“परत बघ.”

“दोनदा बघितलं. नाहीये.”

प्रुइटबाईंनी टेबलावर असा हात आपटला की माझ्या बाजूचा कॉफीचा कप हलला. “तीन वकील बसलेत माझ्याकडे! तीन! महिनाभर त्या फाइलवर डोकं घासतायत, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की आधी फॉर्म बघावा!”

प्रेस्कॉट बिचारा रेझ्युमे घडी करून मांडीवर घेऊन बसला होता. सहा विषयांत पहिला आलेला मुलगा, पण मनाने चांगला. मला हळूच म्हणाला, “बेव्ह, ही बाई आमच्या वर्गात मागे बसायची. मी तिच्याशी कधी बोललोच नाही.”

आतलं दार उघडलं. प्रुइटबाई रेझ्युमे हातात धरून उभ्या. “ही असली ओळ कुणी लिहायला सांगितली? ही म्हणते मीच लिहिली, पण ही बाई खोटं बोलायला अजून शिकलेली नाही.”

लोर्ना मागून डोळ्यांनी मला खुणावत होती, गप्प बस, गप्प बस. पण मला राहवलं नाही. “मी,” मी म्हटलं. “तिने नीट लिहिलं होतं. मी खोडून छोटं केलं. मला वाटलं, एकच चांगली ग्रेड आहे, कशाला लोकांच्या नजरेत आणायची.”

“म्हणजे तुम्ही पोरांना लाजायला शिकवता?”

बावीस वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं, आणि बाईंचं म्हणणं बरोबर होतं. ब्रेंटचं हसं झालं ते आठ जणांतल्या पहिल्या नंबरामुळे, तो लपवला असता तर बरं झालं असतं. पण हिचा नंबर हिच्या सगळ्या आयुष्यातून वर आलेला होता, आणि मी दोघांना एकाच फूटपट्टीने मोजलं होतं.

“दहा-दहा विषयांत पहिले आलेले माझ्याकडे येतात,” प्रुइटबाई म्हणाल्या, आणि मग प्रेस्कॉटकडे बघून, “तुझ्यावर नाही रे बाबा, बस. त्यांना मी विचारते, हे तुला कशाला उपयोगी पडणार? ते म्हणतात, मी मेहनती आहे. अरे, मेहनती तर गाढवही असतं! पहिली आलीस तर मला सरळ सांग, कितीत आलीस ते सांग, आणि कशामुळे आलीस ते सांग. हिने तिन्ही सांगितलं.” त्या लोर्नाकडे वळल्या. “वकिलीची परीक्षा जुलैच्या शेवटी ना? ती दे आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी ये. परीक्षेत नापास झालीस तर मी तुला ओळखत नाही.”

लोर्नाने आधी मान हलवली, मग “हो” म्हणाली, मग तिचा चेहराच वितळला. एकोणीस वर्षांत जेलमध्ये तिला रडताना कुणी पाहिलं नसेल. माझ्या टेबलावरची रुमालांची पेटी तिने अर्धी संपवली, मी उरलेली अर्धी. प्रेस्कॉट आत जाता जाता तिला म्हणाला, “अभिनंदन, मॅडम,” आणि तिने त्याच्या खांद्यावर अशी थाप मारली की तो दारावर आपटला.

त्याच दुपारी तिने माझ्याच फोनवरून जेलच्या साहेबांना कळवलं. “साहेब, खुर्ची द्या कुणाला तरी. माझी नको आता.” पलीकडून ते काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण लोर्ना म्हणाली, “हो, तुमच्यासारख्यांच्याच विरुद्ध उभी राहणार. काळजी घ्या.” आणि फोन ठेवून एक पुंच्की अख्खी तोंडात घातली.

पुढच्या सोमवारी न्यायाधीशांनी त्या जॅकेटवाल्याचा ‘हो’ बाहेर काढला. फॉर्म हातात घेऊन ते म्हणे दोन मिनिटं तो रकाना शोधत होते.

लोर्ना परीक्षा पास झाली. नोव्हेंबरात तिने शपथ घेतली आणि त्याच आठवड्यात कोर्टात तिची पहिली केस लागली. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून मागच्या बाकावर जाऊन बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी नाही जाणार तर कोण जाणार?

तिचा अशील पंचविशीतला, काँगोहून लहानपणी आलेला. त्शिलोम्बो काझादी. नारिंगी कपड्यात, हातात बेड्या. त्याला आणून तिच्या शेजारी बसवलं. त्याने तिच्याकडे एकदा बघितलं, परत बघितलं आणि एकदम खुर्ची मागे सरकवली.

“तुम्ही!” तो म्हणाला. “टोलेडोच्या जेलमधल्या तुम्ही! पाच वर्षांपूर्वी मला तुम्हीच बुक केलं होतं!”

सगळं कोर्ट वळून बघायला लागलं. पलीकडे सरकारी वकिलाच्या ओठांवर हसू उमटलं. प्रुइटबाई दाराशी उभ्या होत्या, त्या दोन पावलं पुढे आल्या आणि त्याला म्हणाल्या, “तुला वकील बदलून हवा असेल तर सांग. तुझा हक्क आहे.”  मला लोर्नाची मान मागून दिसत होती, एकदम ताठ. 

“बदलून?” त्शिलोम्बो म्हणाला. “बाई, या देशात आल्यापासून माझं नाव कुणी धड लिहिलेलं नाही. शाळेत चुकलं, लायसन्सवर चुकलं, आत्ता या कोर्टाच्या कागदावर बघा, इथेपण चुकलंय. हिने मला नाव तीनदा विचारलं होतं. मागे दहा माणसं उभी होती, पोलीस ओरडत होता, आटप म्हणून, आणि हिने पेन खाली ठेवून माझ्याकडून एकेक अक्षर वदवून घेतलं.” त्याने बेड्यांसकट खुर्ची ओढून पुन्हा लोर्नाच्या शेजारी आणली. “मला हीच पाहिजे.”